माझ्याविरुद्ध माझाच रिपोर्ट

“सर, फक्त तीन सह्या. फाइल पुढं सरकली पाहिजे ना,” असं म्हणत पप्पूशेठनं पेन माझ्या हातात दिलं आणि मी सह्या केल्या.

कोऱ्या वकीलपत्रांवर. तीनही.

वकीलपत्र म्हणजे ‘कोर्टात माझ्या वतीनं हा वकील उभा राहील’ असं लिहून द्यायचा कागद. त्यावर वकिलाचं नाव असावं लागतं. माझ्या कागदांवर नव्हतं. माझ्या उजव्या गुडघ्यात प्लेट आणि स्क्रू बसवून दोन दिवस झाले होते, आणि पप्पूशेठ माझ्यासाठी शहाळं घेऊन आला होता. शहाळं गोड होतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

कारण द्यायची वेळ येते, कारण माझा धंदाच तसा आहे. मी मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की इन्शुरन्स कंपनी नुकसान बघायला ज्याला पाठवते, तो माणूस. तीस वर्षं मी भिवंडी ते वाडा या पट्ट्यातल्या चेपलेल्या, उलटलेल्या, नाल्यात गेलेल्या गाड्या मोजत आलो. या काळात मी निदान पाचशे लोकांना सांगितलं असेल, “बाबांनो, हॉस्पिटलमध्ये एजंट येतील. कोऱ्या कागदावर सही करू नका.” पाचशेएकावा माणूस मी होतो, आणि त्याला सांगायला कोणी नव्हतं.

बायको औषधं घेऊन वर आली तेव्हा पप्पूशेठ कागद पिशवीत घालून जिना उतरत होता.

“कोण होता?” सुमतीनं विचारलं.

“वकिलाचा माणूस. आधी काही द्यायचं नाही. भरपाई मिळाली की त्यातले चाळीस टक्के.”

“आणि वकील कोण?”

मी शहाळ्यातली स्ट्रॉ उगाच फिरवली.

ती शाळेत क्लार्क होती. न वाचता सही केलेला कागद तिच्या टेबलावरून कधी पुढं गेलेला नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, “दुसऱ्यांच्या गाड्यांचे चोचले पुरवलेत आयुष्यभर. जरा स्वतःकडेही बघा.”

आता अपघात. आणि त्यातला माझा पराक्रम, जो सह्यांपेक्षा मोठा आहे.

वाड्याला एका वर्कशॉपमध्ये सर्व्हे करून मी परत येत होतो. अंबाडी नाक्याच्या जरा अलीकडे फोन आला. वर्कशॉपवाला बंपर बदला म्हणत होता, मी दुरुस्त करा म्हणत होतो. बंपरवर भांडायचं तर नीट भांडावं, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. बाजूला म्हणजे डावी चाकं मातीत आणि उजवी डांबरावर. दिवस मावळायला आला होता, पण दिसत होतं. पार्किंग लाइट मी लावले नाहीत. खाली उतरलो, बॉनेटपुढं उभा राहिलो आणि हातवारे करत भांडू लागलो.

मागून ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो आला आणि माझ्या गाडीवर आदळला. गाडी पुढं सरकली आणि माझ्यावर आदळली. फोन उडून माझ्याच गाडीच्या चाकाखाली गेला. बंपरचा वाद तिथं मिटला.

रस्त्याच्या कडेला पारूबाई उकडलेल्या शेंगा विकत बसते. तिनं आणि आणखी दोघांनी मला उचलून तिच्या बाकड्यावर ठेवलं. टेम्पोचा ड्रायव्हर पळून गेला नाही. समोर येऊन, डोक्याला हात लावून बसला आणि म्हणाला, “साहब, आपकी लाइट बंद थी.”

खरं सांगतो, गुडघ्याची कळ मस्तकात गेली होती, तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा मुद्दा नोंदवला पाहिजे.

तीस वर्षांची सवय. अपघात दिसला की स्पॉट सर्व्हे. म्हणजे गाड्या हलवायच्या आधी जागेवर मोजमापं घ्यायची, नकाशा काढायचा, कोणाची किती चूक हे लिहायचं. फोन गेलेला, म्हणजे फोटो नाहीत. मी पारूबाईला गाडीतली बॅग आणायला लावली. टेप काढली, एक टोक तिच्या हातात दिलं.

“सायेब,” ती म्हणाली, “तुमचा पाय मोरलाय, न् तुमी रस्ता मोजताव?”

“धर ग बाई. त्या कडेला जा. सरळ धर.”

तिनं धरलं. मी बाकड्यावर आडवा, ती टोक घेऊन रस्त्यावर, आणि दोन्हीकडची वाहतूक थांबलेली. लोकांना वाटलं रस्ता रुंद करणारे आलेत. एक जण तर विचारून गेला, माझी टपरी जाणार का म्हणून. बाकडं टेम्पोच्या तोंडाशीच होतं. रिक्षा येईपर्यंत मी तिथूनच टेम्पोचे टायर बघून घेतले, हेडलाइट बघून घेतले, आणि पॅडवर दोन पानी रिपोर्ट लिहिला. पहिल्या पानावर माझ्या गाडीची स्थिती: ‘अडीच फूट डांबरावर, पार्किंग लाइट बंद. वाहनमालकाचा अंशतः निष्काळजीपणा, अंदाजे एक चतुर्थांश.’ दुसऱ्या पानावर टेम्पोची स्थिती. शेवटी माझी सही आणि लायसन्स नंबर. शिक्का बॅगेत होता, तोही मारला.

हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी त्याला हा रिपोर्ट दिला. तो वाचून फार खूश झाला. “साहेब, असं सगळ्यांनी दिलं तर आमचं काम निम्मं होईल,” म्हणाला आणि फाइलला लावून गेला.

अशा रीतीनं जगातला बहुधा एकमेव जखमी मी असेन, ज्यानं स्वतःच्या अपघातात स्वतःला दोषी ठरवून वर शिक्का मारला.

महिन्याभरानं कळलं की टेम्पोचा विमा ज्या कंपनीकडे आहे, तीच कंपनी मला माझी निम्मी कामं देते. तिथले कर्णिकसाहेब डिव्हिजनचे प्रमुख. मी वॉकर घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारत होतो तेव्हा त्यांचा फोन आला.

“टिपणीस, तुम्ही आपल्यातले. कोर्टात कशाला जाता? हॉस्पिटलचं बिल आम्ही बघतो. थोडं वर टाकतो. विषय संपला.”

“साहेब, गुडघा नव्वद अंशाच्या पुढं वाकत नाही. मला गाडीखाली शिरता येत नाही. उकिडवं बसता येत नाही. माझा धंदाच तो आहे.”

“पण तुम्हीच लिहिलंय ना, तुमची चूक आहे म्हणून? रिपोर्ट माझ्यासमोर आहे. शिक्क्यासकट.” ते हसले. “आणि उद्या पॅनलवर राहायचंय ना तुम्हाला?”

पॅनल म्हणजे कंपनी ज्या सर्व्हेअरना कामं देते त्यांची यादी. कागदोपत्री आम्ही स्वतंत्र असतो. त्या दिवशी मला कळलं की आमचं स्वातंत्र्य कर्णिकसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असतं.

मी म्हणालो, “साहेब, यादीतून नाव काढायचं तर काढा. स्पेलिंग सांगू का?”

फोन ठेवला. सुमती स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरं बोललात. आता वकील शोधा. नाव असलेला.”

वकील कसा शोधतात? लोक नातेवाइकांना विचारतात. मी विचारलं. मेव्हण्यानं जो सांगितला तो जमिनीची कामं करत होता, शेजाऱ्यांनी सांगितला तो घटस्फोटाची. ठाण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात गेलो. तिथं एसी होता, तीन ज्युनियर होते, आणि मोठे वकील माझ्या पायाकडे न बघता पॉलिसीची रक्कम बघत होते.

मग मला एक युक्ती सुचली. मी कंपनीच्या वतीनं साक्ष द्यायला अनेकदा कोर्टात उभा राहिलेला माणूस. मी आठवू लागलो, आजवर उलटतपासणीत मला सगळ्यात जास्त घाम कोणी फोडला?

उत्तर शोधायला वेळ लागला नाही. ॲडव्होकेट नसरीन मोमीन.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात एक ट्रक शेतात घुसला होता. मी रिपोर्टात लिहिलं होतं, ‘वाहनाची खालून तपासणी केली.’ नसरीन मॅडमनी माझाच फोटो माझ्या हातात दिला. ट्रकशेजारी मी उभा.

“ही चाकं किती चिखलात आहेत?”

“गुडघाभर.”

“आणि तुमची पँट कोणत्या रंगाची आहे?”

पँट पांढरी होती. शुभ्र. इस्त्रीची. जजसाहेबांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी पांढरी पँट घालणं सोडलं.

त्यांचं ऑफिस भिवंडीच्या जुन्या वस्तीत, लूमच्या कारखान्यावर पहिल्या मजल्यावर. खाली माग चालू असले की टेबलावरचा पेपरवेट हळूहळू सरकतो. वडील माग चालवायचे, त्यांच्याच खोलीत यांचं ऑफिस. मी काठी टेकत वर पोचलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“टिपणीस. पांढरी पँट.”

“मॅडम, माझी केस घ्याल का?”

त्या हसल्या नाहीत. कागद मागितले. मी आधी वकीलपत्रांची गोष्ट सांगितली. एजंट म्हणतो, दुसरा वकील हवा तर आमच्या वकिलाची ना-हरकत लागेल, आणि ना-हरकतीचे पन्नास हजार.

“दावा दाखल केलाय त्यानं?”

“नाही.”

“मग कसली हरकत आणि कसली ना-हरकत? कोर्टात न गेलेलं वकीलपत्र म्हणजे रद्दी. रजिस्टर पोस्टानं पत्र टाका, मी दिलेला अधिकार रद्द करतोय म्हणून. पोलिसांनाही प्रत द्या. तीन कोऱ्या सह्या दिल्यात हे लिहून ठेवलेलं बरं.” मग चष्मा वर सारून, “तीन? तुम्ही?”

“शहाळं होतं, मॅडम.”

“फीचं बोलू या,” त्या म्हणाल्या. “टक्के मी घेत नाही. आम्हाला नियमानंच ते मना आहे. घेणारे घेतात, तो त्यांचा प्रश्न. माझी फी साठ हजार. वीस दावा दाखल करताना, वीस साक्षीला, वीस युक्तिवादाला. बाकी खर्च पावतीप्रमाणे.”

“आणि हरलो तर?”

“तरी साठ. गुडघा वाकला नाही म्हणून डॉक्टरकडून पैसे परत मागितलेत का?”

मी पहिले वीस दिले. त्यांनी पावती फाडली. तीस वर्षांत वकिलाकडून पावती मिळालेला माणूस मी पाहिला नव्हता. पावती घडी करून खिशात ठेवली आणि मग दुसरा कागद पुढं केला. माझा रिपोर्ट.

त्यांनी पहिलं पान वाचलं. शिक्का बघितला. डोळे मिटले.

“हे कोणी लिहायला सांगितलं होतं?”

“कोणी नाही. सवय.”

“या अल्ला,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “एक मार्ग आहे. तुम्ही शुद्धीत नव्हतात, वेदनेच्या भरात काहीबाही लिहिलंत, असं प्रतिज्ञापत्र देऊ.”

“नाही.”

“टिपणीस, पाव हिस्सा जाईल. जास्तही जाऊ शकतो.”

“जाऊ दे. मी शुद्धीत होतो. लाइट बंद होते. त्या ड्रायव्हरनं माझ्या तोंडावर सांगितलं आणि तो खरं बोलला. बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला खोट्यात पकडलंत मॅडम, आता खऱ्यात पकडा. पण हा रिपोर्ट मी मागं घेणार नाही.”

खाली माग खडखडत होते. पेपरवेट टेबलाच्या काठाला आला, तो त्यांनी न बघता मागं ढकलला आणि दुसरं पान उलटलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

“ठीक,” त्या म्हणाल्या. “खोटं लिहायचं नाही. पण हा कागद आपण कोर्टात हजर करायचा नाही. त्यांना करू दे.”

“का?”

“तुम्ही गुडघ्याचे व्यायाम करा.”

दावा ठाण्याच्या क्लेम ट्रिब्युनलमध्ये लागला. अपघाताच्या भरपाईसाठीचं हे वेगळं कोर्ट. तारखा पडत गेल्या. कर्णिकसाहेबांकडून कामं येणं बंद झालं, ते त्यांनी शब्द पाळून बंद केलं. मी उरलेल्या कंपन्यांची किरकोळ कामं करत होतो. पप्पूशेठचा दोनदा फोन आला. “सर, आमच्याकडं राहिला असता तर एव्हाना सेटलमेंट झाली असती.” मी म्हटलं, “पप्पूशेठ, माझ्या तीन सह्या तुमच्याकडे आहेत. फ्रेम करून लावा.”

उलटतपासणीचा दिवस. कंपनीचे वकील उंच, आवाज मोठा. अगदी तब्येतीत उभे राहिले. हातात माझा रिपोर्ट.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“सही, शिक्का?”

“माझाच.”

“अपघाताच्या वेळी तुम्ही पूर्ण शुद्धीत होता?”

“पूर्ण.”

मी एका डोळ्यानं नसरीन मॅडमकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. वकील महाशयांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं. लाइट बंद, अडीच फूट डांबरावर, एक चतुर्थांश. “हे खरं आहे?”

“शब्दन्‌ शब्द.”

त्यांनी रिपोर्ट पुराव्यात घ्यायची विनंती केली. जजसाहेबांनी त्याला निशाणी नंबर दिला. निशाणी म्हणजे कागद आता कोर्टाचा झाला. कंपनीचे वकील खाली बसले. बसताना कोट झटकला.

मग मॅडम उठल्या. “टिपणीस, निशाणीचं दुसरं पान वाचा.”

मी वाचलं. टेम्पोच्या समोरच्या डाव्या हेडलाइटची वायर तुटून गंजलेली, उजव्याला बल्ब नाही. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत. माल केबिनच्या वर तीन फूट. ब्रेकच्या खुणा धडकेच्या जागेपासून पुढं सुरू, त्याआधी एकही नाही. माझ्या गाडीच्या उजवीकडे मोकळा रस्ता अठरा फूट.

कंपनीचे वकील उसळले. “हे पान मान्य नाही! दावेदारानं स्वतःच्या फायद्यासाठी लिहिलंय!”

जजसाहेबांनी चष्मा काढला. “कागद तुम्ही हजर केलात. पहिलं पान खरं आणि दुसरं खोटं, असं तुमचं म्हणणं आहे का?”

“मोजमापाला साक्षीदार कुठाय?”

साक्षीदार बाहेर बाकावर बसला होता. त्या दिवशी वेळ संपली, पुढच्या तारखेला पारूबाई पिंजऱ्यात उभी राहिली. नऊवारी, कानात बुगडी, हातात कापडी पिशवी.

“तुम्हाला वाचता येतं का?” वकिलांनी विचारलं.

“न्हाय.”

“मग अठरा फूट तुम्हाला कसं कळलं?”

“मना नाय कललं. सायबाला कललं. मी टोक धरलेला.”

“साहेबांनी साक्षीसाठी तुम्हाला काय दिलं?”

पारूबाईला राग आला. “काय देनार? यांचीच वस्तू माझेकर रायली,” असं म्हणून तिनं पिशवीत हात घातला आणि माझी पिवळी टेप काढून कठड्यावर ठेवली. “ही घ्या. तवापास्नं ठेवलीय. रिक्षान् घातलं तेवा नेलीच न्हाय यानी.”

ती टेप मी वर्षभर शोधत होतो. वर माझं नाव रंगवलेलं होतं. जजसाहेबांनी ती हातात घेतली, थोडी ओढली, सोडली. सटकन आत गेली.

निकाल लागला. कोर्टानं माझी चूक एक चतुर्थांश धरली, टेम्पोची तीन चतुर्थांश. जजसाहेबांनी लिहिलं की जो माणूस स्वतःच्या विरुद्ध इतकं स्पष्ट लिहितो, त्याची बाकीची मोजमापं नाकारायला कारण दिसत नाही. गाडीखाली शिरता न येणं म्हणजे या माणसाच्या कमाईचं कायमचं नुकसान, हेही मान्य केलं. रकमेचा आकडा सांगत नाही, नातेवाईक वाचतात. कर्णिकसाहेबांनी देऊ केलं होतं त्याच्या कितीतरी पट होता, एवढं पुरे. कंपनी अपिलात गेली नाही.

“चौथा हिस्सा गेला,” बाहेर मॅडम म्हणाल्या. “तुम्ही एक दशांश लिहिलं असतंत तर?”

“ते खोटं झालं असतं. एक चतुर्थांशच होता.”

“तुमच्यासारखा अशील पुन्हा नको,” त्या म्हणाल्या आणि शेवटच्या वीस हजारांची पावती फाडली.

वर्षभरानं कर्णिकसाहेबांचा फोन. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर मोठा कंटेनर उलटला होता, तिन्ही पक्ष कोर्टात जाणार हे उघड होतं. “टिपणीस, जुनं जाऊ द्या. कोर्टात टिकेल असा रिपोर्ट हवाय.”

“फी बदललीय साहेब. तीन टप्प्यांत. पहिला आधी. पावती मिळेल. आणि रिपोर्टात तुमच्याविरुद्ध काही निघालं, तरी तेही लिहीन.”

ते म्हणाले, “या.”

मी गेलो. गाडीखाली आता शिरत नाही. लांब दांडीला आरसा बांधलाय, तो खाली सरकवतो आणि रिपोर्टात तसंच लिहितो: ‘खालची तपासणी आरशानं केली.’ पँट हल्ली पांढरी घालतो. कोणत्याही वकिलानं फोटो मागावा.